ग्लॅडिओलसचे कंद आणि काचेचे छप्पर : फोंड्याच्या एका रोपवाटिकेचा अनुभव

फोंडा तालुक्यातील एका रोपवाटिकेतून मी गेल्या हंगामात ग्लॅडिओलस आणि फ्रीझियाचे कंद घेतले आणि परसात काचेच्या छपराची छोटी शेडही त्यांच्याकडूनच उभारून घेतली. गोव्यात काच लागते ती ऊब धरण्यासाठी नव्हे, तर पाऊस अडवण्यासाठी, याची त्यांना पक्की जाण आहे. चारी बाजू मोकळ्या, माथ्यावर गरम हवा निघून जाण्यासाठी झडपा आणि दुपारी ओढून घेता येईल अशी शेडनेट, या रचनेमुळे परतीच्या पावसातही वाफे कोरडे राहिले आणि कंदकुज शिरली नाही.

ग्लॅडिओलसचे कंद अव्वल होते. रुंद, चपटा कंद दिसायला मोठा असला तरी जुना झालेला असतो; हे कंद चार-पाच सेंटिमीटरचे, मधोमध उंच आणि टणक होते, आणि वरचे साल सोलून पाहिले तरी कुठे तपकिरी डाग आढळला नाही. सप्टेंबरअखेर लावलेल्या कंदांचे दांडे नाताळाच्या आधी काढणीस आले. दांडा कापताना खालची चार पाने राखावीत, कारण जुना कंद सुकत असताना त्याच्या माथ्यावर धरणारा नवा कंद त्या पानांवरच पोसतो, हे तेथील माळ्याने प्रत्यक्ष कापून दाखवले.

फ्रीझिया मात्र त्यांनी येथे विकूच नये. दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातील या झाडाला कळी धरण्यासाठी माती साधारण 15 अंश सेल्सिअसपर्यंत थंड लागते. आपल्याकडे जानेवारीच्या रात्रीही पारा विशीच्या आसपास असतो. पाने भरघोस आली, दांडा एकही आला नाही. पाकिटावर नुसते ‘हिवाळी फूल’ असे छापणे ग्राहकावर अन्याय करणारे आहे.

पैसे खऱ्या अर्थाने वसूल होतात ते कंद साठवून ठेवण्याच्या सोयीत. पावसाळ्याच्या दमट हवेत घरी ठेवलेले कंद हमखास बुरशीने जातात. येथे ते वाळवून, बुरशीनाशक लावून, नावाची चिठ्ठी बांधलेल्या जाळीच्या पिशवीत 4 ते 5 अंशांवर ठेवले जातात, आणि त्याच गारव्याने त्यांची सुप्तावस्थाही मोडते. माझे कंद सप्टेंबरात जसेच्या तसे टणक परत मिळाले. कंदाभोवती सुटणारी बारीक पिल्ले मात्र ते ठेवून घेत नाहीत. दोन-तीन हंगामांत फुलावर येणाऱ्या या पिल्लांसाठीही त्यांनी वेगळी पिशवी द्यावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.