दोन रबरी रिंगा, ९,०४९ रुपये

बत्तीस वर्षं बँकेत काढली. अनोळखी माणसाला पैसे पाठवू नका, हे काउंटरवरून शेकडो लोकांना ऐकवलं. आणि मीच ९,०४९ रुपये घालवून बसलो. इथं त्रिमूर्तीनगरात कोणाला सांगायची सोय नाही, म्हणून लिहितो.

आईचं खुब्याचं ऑपरेशन झालं. घरी आणल्यावर पाचव्या दिवशी उजवी टाच लाल दिसली, पडून पडून होणाऱ्या जखमेची सुरुवात. त्याच संध्याकाळी फोन. "होम केअरमधून बोलतो, माताजींचा उजवाच पाय ना?" त्याला उजवा कसा माहीत? मला वाटलं, दवाखान्यातलाच माणूस. तुम्हालाही वाटलं असतं.

'एअर हील कुशन', म्हणजे टाचेखालची हवेची उशी, ४,८५०. परत मिळणारं डिपॉझिट १,२००. रात्रीसाठी दुसरी जोडी २,९९९. पहिले पैसे पाठवताना स्क्रीनवर नाव आलं कोण्या मोबाइल कव्हरवाल्याचं. वाचलं. चष्मा होता डोळ्यावर. दोन सेकंद अंगठा थांबलाही. आतून आई कण्हली आणि मी पिन टाकला.

पार्सलात निघाल्या फुगवायच्या दोन रिंगा. वर सल्ला, लाल जागा तेलानं जोरात चोळा. चोळली बाप्पा! चार दिवसांत जांभळा फोड. घरी आलेली सिस्टर भडकलीच. रिंगेच्या कडेनं रक्त अडतं, लाल जागा चोळायची नसते. तिनं आमचीच जुनी उशी पोटरीखाली लांबीनं ठेवली, गुडघा किंचित वाकवला, टाच अधांतरी. खालून कागद सरकला पाहिजे म्हणाली. खर्च शून्य.

लाल जागा बोटानं दाबून बघा. पांढरी झाली नाही तर डॉक्टरांना दाखवा, दुकान शोधू नका. शुगरवाल्यांना तर अनेकदा दुखतही नाही, म्हणून रोज बघायचं.

आता पोलीस. ठाण्यात म्हणे, "वस्तू मिळाली ना काका? मग फसवणूक कशी?" सायबरकडे जा. तिथं तीन तास बाकावर, मग "ग्राहक आयोगात जा." तिथं विचारतात विक्रेत्याचा पत्ता! पत्ता असता तर मीच गेलो नसतो का? १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन त्याच तासात करायला हवा होता. मी लाजेपायी नऊ दिवस गप्प बसलो.

परवा परत फोन. "सर, माताजींना आता एअर गादी लागेल ना?"