उजनीसाठी वापरलेली आयएलसीए घेताय? सहा घ्या, सात नको

सोलापूर जिल्ह्यात शिडाच्या बोटीने शर्यत लावण्याजोगं पाणी म्हणजे उजनी. हिप्परगा तलाव शिकण्यापुरता ठीक. आणि उजनीवर एकट्याने चालवायला वापरलेली आयएलसीए (जुन्यांची लेझर, २०१९ पासून हे नाव) हाच शहाणा सौदा. बोट साधारण ४.२ मीटर लांब, रिकामा सांगाडा सुमारे ५९ किलो. दोघांनी उचलली की ट्रॉलीवर.

सांगाडा एकच, शिडं तीन, त्यावरून आयएलसीए चार, सहा आणि सात: चारचं ४.७, सहाचं ५.७६, सातचं ७.०६ चौरस मीटर. भारताच्या विष्णू सरवणनने हांगझोऊच्या आशियाई खेळांत सातमध्ये कांस्य घेतल्यापासून नवख्यालाही सातच हवी असते. त्याच स्पर्धेत चारमध्ये रौप्य मिळवलेली नेहा ठाकूर भोपाळच्या तळ्यावर शिकलेली, हे कुणी बोलत नाही. वजन ८० किलोच्या आसपास नसेल तर सात घेऊ नका. ५५ ते ७० किलोला सहा. पुढे बदलायचं झालं तर डोलकाठीचा खालचा तुकडा आणि शीड बदलतं, वरचा तुकडा तोच राहतो.

विकत घेताना रंग बघू नका, वजन करा. चार-पाच किलो जादा भरली तर आत पाणी मुरल्याचा संशय घ्या. डोलकाठी बसते त्या नळीत पाणी भरून ठेवा. पातळी उतरली की नळीच्या बुडाशी गळती आहे. मागच्या बुचाच्या भोकातून तोंडाने हलकी फुंक मारा, सांध्यांवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे दिसतील. कॉम्प्रेसर लावू नका, सांधा उकलेल. डोलकाठीच्या वरच्या तुकड्याच्या कॉलरजवळ (दोन तुकडे जुळतात तिथलं कडं) रिव्हेटच्या भोकाला बारीक तडा आहे का ते नखाने चाचपा. काठी मोडते ती तिथेच.

आता उलटण्याचं. वारा ताशी २० किलोमीटरवर गेला, लाटांची टोकं पांढरी व्हायला लागली, की ही बोट उलटणारच. तो तिचा दोष नाही, पण एक खोड मात्र तिचीच: वारा पाठीशी घेऊन शीड या बाजूचं त्या बाजूला टाकताना मेनशीट, म्हणजे शीड आवळायचा-सोडायचा दोर, बोटीच्या मागच्या कोपऱ्यात अडकतो. बूम (शिडाच्या खालची आडवी काठी) डोक्यावरून जाताना दोराला एक झटका द्यायचा, ढिला लोंबू द्यायचा नाही. दुसरं कारण व्हँग, म्हणजे बूम खाली ओढून धरणारा दोर. फार ताणला तर बोट कलल्यावर बूमचं टोक पाण्यात रुततं. फार सैल सोडला तर पाठच्या वाऱ्यात शिडाचा माथा पुढे झुकतो आणि बोट वाऱ्याकडच्या बाजूला कोलमडते.

उलटल्यावर बोट सोडायची नाही. मेनशीट हातात धरून, पोहत बुडाच्या बाजूला या. व्हँग आणि मेनशीट क्लीटमधून (दोर अडकवायच्या खाचेतून) मोकळे आहेत ना बघा, डॅगरबोर्ड (बोटीच्या बुडातून खाली जाणारी फळी) पूर्ण बाहेर ओढा, त्याच्या टोकाला लटका किंवा वर चढून मागे रेला. पहिल्यांदा काहीच हलत नाही. कापड पाणी पीत नाही, तरी शिडावर बसलेल्या पाण्यामुळे ते भिजलेल्या चादरीइतकं जड लागतं. घाई नको, पाणी ओघळू द्या. मग बोट एकदम उठते. डोलकाठी वाऱ्याच्या दिशेला पडली असेल तर शीड वर येताच वारा खालून शिरतो आणि बोट तुमच्या अंगावर पलटी होते. अशा वेळी आधी बोटीचं नाक धरून पाण्यात लटकून राहा. बोट फिरून ते वाऱ्याकडे येतं, मग उचला. उठली की कडेवरून टोस्ट्रॅप (आतला पाय अडकवायचा पट्टा) पकडून आत. नाहीतर ती तुम्हाला सोडून एकटीच निघेल.

पूर्ण पालथी होऊ देऊ नका. उजनीचा गाळ उथळ जागी काठी गिळतो, आणि ओढताना वरचा तुकडा वाकतो. काठी नळीतून निसटू नये म्हणून बांधायची दोरी या बोटीच्या शर्यत-वर्गाच्या नियमातच आहे. जुन्या बोटीवर हमखास गायब असते.

फुगवायचं लाइफ जॅकेट नको. ५० न्यूटन तरंगशक्तीचं फोमचं, अंगाला घट्ट, म्हणजे चढताना कडेला अडकत नाही. खिशात एक छोटा चाकू: मासेमारांची जाळी डॅगरबोर्ड आणि सुकाणूत गुंतते, आणि पाणी उतरल्यावर बाभळीचे खुंट वर येतात.

जून ते ऑगस्टचा पश्चिमेचा वारा शर्यतीला उत्तम, एका दमाने वाहतो. मे महिन्यातल्या वळवाआधीच्या दुपारी मात्र पाण्यात उतरू नका. मे २०२४ मध्ये कुगावहून कळाशीला जाणारी बोट वादळी वाऱ्यात याच जलाशयात उलटून सहा जण गेले. शर्यतीत बरोबर मोटारबोट नसेल तर रद्द करा. बूच जादा ठेवा, ते नेमकं ट्रॉलीवरून उतरवतानाच हरवतं.