वर्डप्रेस थीममध्ये प्लगिनशिवाय फॉर्म व्हॅलिडेशन: काही महिन्यांच्या वापरानंतर

एका वाचनालयाची साइट गेले काही महिने मी बनवलेल्या वर्डप्रेस थीमवर चालतेय. सभासद नोंदणी, पुस्तकाची मागणी आणि संपर्क असे फॉर्म आहेत. फॉर्मचं प्लगिन मुद्दाम टाकलं नाही. ब्राउझरमध्ये आयतं मिळणारं एचटीएमएलचं व्हॅलिडेशन (भरलेली माहिती तपासणं) आणि मागच्या बाजूला, म्हणजे सर्व्हरवर, वर्डप्रेसची स्वतःची सॅनिटाइझ (माहिती साफ करणारी) फंक्शन्स, एवढ्यावर भागवलंय. भागतं, आणि चांगलं भागतं. पण लोक मराठीत फॉर्म भरणार असतील तर नेटवरचे तयार पॅटर्न (रकान्यात काय चालेल ते ठरवणारे साचे) जसेच्या तसे उचलू नका.

नावाचंच बघा. सगळीकडे मिळणारा ए ते झेडचा पॅटर्न देवनागरी घेत नाही, हे उघडच आहे. त्यावर उपाय म्हणून युनिकोडचा ‘कुठल्याही लिपीतलं अक्षर’ हा गट सुचवतात. तोही अर्धवट. काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त हे युनिकोडच्या हिशेबात अक्षर नाहीतच, त्यांचा ‘मार्क’ हा वेगळा गट आहे. म्हणजे ‘रमण’ पास आणि ‘रमा’ नापास. मार्कचा गट जोडला की रमा सुटते, मग बोऱ्हाडे अडकतात. यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: एक नुक्तावाला ऱ घेऊन, दुसरा साधा र, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह) घेऊन. हा जॉइनर ना अक्षर, ना मार्क. स्क्रीनवर दोन्ही बोऱ्हाडे सारखेच दिसतात, पण फॉर्म एकाला आत घेतो आणि दुसऱ्याला ‘योग्य नाव लिहा’ म्हणून परत पाठवतो. बोऱ्हाड्यांना त्यांचं नाव शिकवणारे आपण कोण? मी नावाला पॅटर्न लावतच नाही. रिकामं नसावं, अवाच्या सवा लांब नसावं, बस.

लांबी मोजतानाही जरा जपून. ‘प्राजक्ता’ वाचायला तीन अक्षरं, ब्राउझरच्या मॅक्सलेंग्थला नऊ, आणि पीएचपीच्या साध्या स्ट्रलेनला सत्तावीस, कारण ते बाइट मोजतं. सर्व्हरवर एमबी-स्ट्रलेन वापरा, नाहीतर जे ब्राउझरला चाललं ते मागे अडकतं.

मोबाइल नंबरला टेल टाइप लावला की फोनवर आकड्यांचा कीपॅड येतो. त्याचा उपयोग तेवढाच, तपासणी तो काहीच करत नाही. पहिला आकडा ६ ते ९ आणि पुढे नऊ आकडे, हा नियम पॅटर्नमध्ये आपणच लिहायचा. मात्र कॉम्प्युटरवर मराठी कीबोर्ड चालू असला की माणूस सरळ ९८२२ असं देवनागरीत लिहितो, आणि जावास्क्रिप्टच्या लेखी ते आकडेच नसतात. नंबर टाइपही ते घेईलच असं नाही. म्हणून आधी देवनागरी आकडे इंग्रजी करून घ्यायचे, मधल्या मोकळ्या जागा काढायच्या, आकडे दहापेक्षा जास्त असतील तर सुरुवातीचं शून्य किंवा ९१ काढायचं आणि मगच तपासायचं. पिनकोडलाही आकडे आणि मोकळ्या जागांचं हेच. लोक सवयीने ४११ ०३० असं लिहितात, त्यात त्यांचं काही चुकत नाही. (१५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेली ही सहा आकडी पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकरांची. संस्कृतात लिहिणाऱ्या मराठी माणसाने केलेली रचना आपल्या मराठी फॉर्मने नाकारावी, हे बरं दिसत नाही.)

दिसण्याच्या बाबतीत ब्राउझरला मी काठावर पास करेन. चूक दाखवणारा तो फुगा आपल्या थीमसारखा रंगवता येत नाही, थोड्या वेळात आपोआप जातो, आणि त्यातली भाषा ब्राउझरची असते, साइटची नाही. वाचनालयाचे निम्मे सभासद ज्येष्ठ, फुगा वाचेपर्यंत गायब. म्हणून फॉर्मला नोव्हॅलिडेट (ब्राउझरचा फुगा बंद करणारा गुणधर्म) लावून तपासणी ब्राउझरच्याच एपीआयकडून करून घेतो आणि संदेश रकान्याखाली मराठीत दाखवतो. तो एरिया-डिस्क्राइब्डबाय ने रकान्याला जोडला की स्क्रीन रीडरही वाचतो. चुकीचा संदेश आपण स्वतः ठरवायला सेट-कस्टम-व्हॅलिडिटी वापरणार असाल तर चूक सुधारल्यावर रिकामी स्ट्रिंग देऊन ती पुसावी लागते. तसं केलं नाही तर सगळं बरोबर भरूनही रकाना चुकीचाच धरला जातो. सीएसएसमध्ये ‘इनव्हॅलिड’ ऐवजी ‘यूजर-इनव्हॅलिड’ घ्या. पहिल्याने पान उघडताच सगळे सक्तीचे रिकामे रकाने लालभडक होतात. दुसरं माणसाने काही भरेपर्यंत गप्प राहतं, आणि २०२३ अखेरपासून सगळ्या मोठ्या ब्राउझरमध्ये चालतं.

खरी तपासणी अर्थातच सर्व्हरवर. ब्राउझरचा ईमेल टाइप टिंब नसलेला पत्ताही चालवून घेतो, वर्डप्रेसचं इज-ईमेल नाही घेत, त्यामुळे दोन्हीकडे संदेश तयार हवा. सॅनिटाइझ-टेक्स्ट-फील्ड ओळी मोडून सगळं सलग करतं, तेव्हा पत्त्याला टेक्स्टएरियावालं फंक्शन लावायचं. वसई-गोव्याकडचे डि'सोझा आले की नावात उलटी तिरकी रेघ घुसते, ती अनस्लॅशने काढायची. नॉन्स (फॉर्म आपल्याच साइटवरून आलाय हे पटवणारा वर्डप्रेसचा तात्पुरता कोड) जास्तीत जास्त २४ तास चालतो. पान त्याहून जास्त वेळ कॅशमध्ये राहिलं तर खरा माणूसही बाद होतो, म्हणून फॉर्मची पानं कॅशमधून वगळलीत.

आणि एक गोष्ट जी कुणी सांगत नाही: रकान्याचं नाव नुसतं ‘नेम’ किंवा ‘इयर’ ठेवू नका. वर्डप्रेस हे शब्द स्वतःच्या पानशोधासाठी राखून आहे. फॉर्म पाठवला की सरळ ४०४ (‘पान सापडलं नाही’) येतो, आणि दोष तुम्ही व्हॅलिडेशनमध्ये शोधत बसता. पुढे काहीतरी उपसर्ग लावा.

फाइल अपलोड किंवा टप्प्याटप्प्याचा फॉर्म असेल तर सरळ प्लगिन घ्या. थीम वर्डप्रेसच्या अधिकृत डिरेक्टरीत द्यायची असेल तरी संपर्क फॉर्म थीममध्ये चालत नाही, तो प्लगिनचा प्रांत मानतात. तिथे कस्टमायझरच्या (थीमचं रूप बदलायच्या पानाच्या) प्रत्येक सेटिंगला सॅनिटाइझ कॉलबॅक, म्हणजे माहिती साफ करणारं फंक्शन, मात्र लागतोच. स्वतःच्या किंवा एखाद्या संस्थेच्या साइटसाठी ही पद्धत मी पुन्हा वापरेन. पुढची थीम एका नाट्यमंडळाची आहे, तिच्यात हेच चाललंय.