हद्द बदलून मागावी की बैठक? तालुका वकील संघाने ठराव करण्याआधी

जिल्हा न्यायालय लांब पडतं म्हणून तालुक्याचा वकील संघ ठराव करायला बसला की दोन मागण्या एकाच कागदावर येतात. आमचा तालुका जवळच्या सत्र विभागाला (म्हणजे दुसऱ्या सत्र न्यायालयाच्या हद्दीला) जोडा, किंवा जिल्हा व सत्र न्यायाधीशांची बैठक आमच्याकडे भरवा, म्हणजे त्यांनीच आमच्याकडे येऊन प्रकरणं चालवावीत. या मागण्या वेगवेगळ्या दारी जातात, त्यामुळे आधी कोणती लावून धरायची ते ठरवलेलं बरं.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ७ नुसार सत्र विभागाची हद्द राज्य सरकार बदलतं, तेही उच्च न्यायालयाशी सल्लामसलत करून. नवा विभाग हवा असेल तर पदं, इमारत, निवासस्थानं आणि वित्त विभागाची मंजुरी हे सगळं मागे लागतं. महसुली जिल्हा नवा झाला म्हणून न्यायालयाचा जिल्हा आपोआप होत नाही. बैठक कुठे भरवायची हे मात्र कलम ८ खाली उच्च न्यायालय अधिसूचनेने ठरवतं. शिवाय एखाद्या खटल्यात सरकार पक्ष आणि आरोपी दोघांची संमती असेल, तर पक्षकार-साक्षीदारांच्या सोयीसाठी सत्र न्यायालय आपल्या विभागात दुसरीकडेही बसू शकतं. एकाच गावातले पंधरा-वीस साक्षीदार असतील, तर हा अर्ज जरूर करावा.

हद्द बदलली की चालू प्रकरणांचं काय, ही पक्षकारांची पहिली काळजी. झालेली साक्ष वाया जात नाही. नवे न्यायाधीश नोंदवलेल्या पुराव्यावरून पुढे जाऊ शकतात. दिवाणी दाव्यातल्या हुकूमनाम्याबद्दलही घाबरायला नको. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३७ च्या स्पष्टीकरणाप्रमाणे, केवळ प्रदेश दुसरीकडे गेला म्हणून मूळ न्यायालयाचा दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) चालवण्याचा अधिकार जात नाही, आणि अटी पुऱ्या होत असतील तर नव्या न्यायालयालाही तो मिळतो. खरा त्रास कारकुनी असतो. फाईल कोणत्या टेबलावर आहे ते कळत नाही, पक्षकारांना पुन्हा नोटिसा काढाव्या लागतात, आणि जुन्या निकालाची नक्कल मागायला माणूस दोन्ही गावं हिंडतो. पोलीस ठाण्याची हद्द नव्या रेषेशी जुळली नाही, तर एकाच ठाण्याच्या हवालदाराला दोन जिल्ह्यांच्या न्यायालयांत हजर राहावं लागतं. म्हणून नकाशावर रेषा ओढताना तालुक्याच्या सीमेइतकीच ठाण्याची हद्दही बघा.

बैठकीत फाईल आणि पक्षकार जागेवर राहतात, न्यायाधीश येतात. पण बैठक ठरावीक वारी नसेल, तर तिचा उपयोग निम्माही राहत नाही. साक्षीदार अकराला हजर, सरकारी वकील हजर, आणि मुद्देमालाचं, म्हणजे जप्त वस्तूंचं, सीलबंद पाकीट जिल्ह्याच्या ठिकाणीच राहिलेलं. पंचाला जप्त केलेला कोयता दाखवता येत नाही, उलटतपासणी राहते आणि रोजनाम्यात पुढची तारीख पडते. रोजंदारी बुडवून आलेल्या त्या माणसाला यात काय न्याय मिळाला? दुसरी अडचण तातडीच्या कामांची. बैठक सोमवारी आणि जमिनीचा ताबा काढायला लोक शुक्रवारी आले, तर स्थगिती कोणाकडे मागायची? म्हणून बैठक मागताना तीन गोष्टी जोडूनच मागाव्यात: बोर्ड (त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी) आधी लागावा, अर्ज दाखल करून घेण्याची खिडकी रोज उघडी असावी, आणि मधल्या दिवसांत जामीन-स्थगितीचे अर्ज व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने ऐकले जावेत.

बैठक म्हणजे दुय्यम सोय, असं मानू नये. उच्च न्यायालयाच्या पातळीवर हाच प्रश्न राज्य पुनर्रचना कायदा, १९५६ च्या कलम ५१ मध्ये आहे. कायमचं खंडपीठ राष्ट्रपतींच्या आदेशाने होतं, पण न्यायाधीशांनी दुसऱ्या ठिकाणी बसावं हे मुख्य न्यायमूर्ती राज्यपालांच्या मान्यतेने ठरवू शकतात. औरंगाबादला १९८१ मध्ये या दुसऱ्या वाटेने काम सुरू झालं, १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवलं आणि १९८४ मध्ये कायमचं खंडपीठ झालं. धारवाड आणि कलबुर्गीला २००८ मध्ये सर्किट बेंच (न्यायाधीश येऊन बसतात असं, अजून कायम नसलेलं पीठ) आली, ती २०१३ मध्ये कायम झाली. कोल्हापूरचं सर्किट बेंचही ऑगस्ट २०२५ मध्ये याच कलमाच्या आधारे सुरू झालं आणि सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याला जोडले गेले. औरंगाबाद, धारवाड आणि कलबुर्गीला काम आधी सुरू झालं, कायमपणा मागून आला.

त्यामुळे माझं मत सरळ आहे: आधी बैठक मागा, वार ठरवून मागा. अपवाद एकच. तुमचा तालुका दुसऱ्या जिल्ह्याच्या ठिकाणाला इतका लागून असेल की बाजार, दवाखाना, एसटी सगळं तिकडेच आहे, तर हद्द बदलण्याची मागणी आधी करा. तिथे न्यायाधीश आणि इमारत तयारच आहे.

ठरावासोबत नुसत्या सह्या पाठवू नका. प्रत्येक पोलीस ठाण्याची प्रलंबित सत्र प्रकरणं, तालुक्यातून गेलेली दिवाणी अपिलं, कच्चे कैदी कोणत्या कारागृहात आहेत, आणि सर्वात लांबच्या गावाहून सकाळच्या पहिल्या एसटीने निघालेला माणूस न्यायालयात किती वाजता पोचतो, हे तक्त्यात मांडा. बैठक सुरू झाल्यावर प्रत्येक वारी बोर्डावर किती प्रकरणं लागली आणि किती चालली, याची वही संघानेच ठेवावी. उद्या कायम न्यायालय मागायला जाल, तेव्हा उच्च न्यायालय हाच आकडा विचारेल.