रात्री हात बधिर होतो: पट्टा, इंजेक्शन की ऑपरेशन?

पहाटे तीनच्या सुमारास जाग येते. हात लाकडासारखा झालेला असतो आणि पलंगाखाली सोडून झटकल्याशिवाय चैन पडत नाही. पेशंटने एवढं सांगितलं की मनगटात नस दबली असणार, असं मला जवळजवळ तिथेच वाटतं. मी फिजिओथेरपिस्ट आहे, माझे बहुतेक पेशंट हाताचे. त्यातल्या निम्म्या जणांचा पहिला प्रश्न एकच असतो, "मॅडम, ऑपरेशन टाळता येईल का?" प्रश्न रास्त आहे. पण नुसतं "टाळता येईल का" विचारण्यापेक्षा "टाळलं तर काय गमावेन" हेही विचारावं, असं माझं मत आहे.

आधी आतली रचना पाहू. मनगटाच्या तळव्याकडच्या बाजूला एक अरुंद बोगदा आहे. खाली आठ छोट्या हाडांची कमान आणि वर एक जाड, आडवा पडदा. त्यातून बोटं वाकवणारे नऊ टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोऱ्या) आणि एक नस जाते, तिचं नाव मीडियन नर्व्ह. जागा मुळातच जेमतेम. सूज आली की टेंडन तग धरतात, नस मात्र चेपली जाते. मग अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होते. करंगळी शाबूत राहते. तुमची करंगळीच बधिर असेल तर बहुधा दुसरी नस कोपराशी दबलेली असते. तिचे उपचार वेगळे, पुढचं काही तिला लागू नाही.

उपचार निवडण्याआधी साखर आणि थायरॉइड तपासून घ्या. थायरॉइड कमी असेल तर त्याच्या गोळ्यांनीच कधीकधी हात सुधारतो. गरोदरपणात सुरू झालेला त्रास बाळंतपणानंतर बहुधा ओसरतो, तिथे घाई नको.

आता पट्टा. रात्री झोपेत आपण मनगट मुडपून घेतो आणि बोगद्यातला दाब वाढतो. पट्टा मनगट सरळ ठेवतो, त्याचं काम एवढंच. पण बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच पट्ट्यांमधली धातूची पट्टी वरच्या दिशेला वाकवलेली असते. ती पट्ट्याच्या खिशातून काढा, टेबलावर दाबून सरळ करा आणि परत घाला. पट्टा रोज रात्री, किमान सहा आठवडे वापरायचा. दिवसभर घालून पोळ्या लाटू नका. पट्ट्याशी झगडताना खांदा दुखायला लागतो, तो त्रास वेगळाच. बधिरपणा येऊन-जाऊन असेल आणि काही महिन्यांचाच असेल, तर सुरुवात पट्ट्यानेच करावी. खर्च कमी, धोका नाही.

इंजेक्शन म्हणजे मनगटाशी स्टेरॉइडची एक सुई. पाच मिनिटांचं काम. दोन-तीन दिवस ठणकतं, मधुमेह असेल तर काही दिवस साखर वर जाते आणि क्वचित त्या जागेची कातडी फिकी पडते. झोप मात्र लवकर परत मिळते. ब्रिटनमध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रात्रीचा पट्टा आणि इंजेक्शन समोरासमोर ठेवून पाहिले. सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाले स्पष्टपणे पुढे होते, सहा महिन्यांनी दोघांत फरक उरला नव्हता. स्वीडनमधल्या २०१३ च्या अभ्यासात पट्ट्याने बरं न वाटलेले लोक घेतले होते. इंजेक्शनचा मोठा डोस मिळालेल्यांपैकी ७३ टक्के लोकांचं वर्षभरात शेवटी ऑपरेशन झालंच. औषध नसलेली सुई मिळालेल्यांत हे प्रमाण ९२ टक्के होतं. म्हणजे इंजेक्शन वेळ मिळवून देतं. घरात लग्न आहे, सुगी तोंडावर आहे, मुलीची बारावी आहे, अशा वेळी तो वेळ मोलाचा असतो. आणखी एक फायदा आहे, त्याबद्दल पेशंटला सहसा कुणी सांगत नाही. इंजेक्शनने छान आराम पडला तर निदान बरोबर होतं याला दुजोरा मिळतो आणि पुढे ऑपरेशन केलं तर तेही लागू पडण्याची शक्यता वाढते. पण चौथं, पाचवं इंजेक्शन घेत बसू नका. औषधाने सूज उतरते, बोगदा रुंद होत नाही.

ऑपरेशनमध्ये तो वरचा पडदा कापून नस मोकळी करतात. फक्त हात बधिर करून पंधरा-वीस मिनिटांत होतं, त्याच दिवशी घरी. कॅनडातले डॉ. डोनाल्ड लालोंड यांनी रूढ केलेल्या पद्धतीत तर दंडाला आवळपट्टाही बांधत नाहीत. भुलीच्या औषधात ॲड्रेनलिन मिसळून रक्तस्राव आवरतात. नेदरलँड्समधल्या २०२५ च्या मोठ्या चाचणीत आधी ऑपरेशन आणि आधी इंजेक्शन अशी तुलना झाली. दीड वर्षाने पहिल्या गटात ६१ टक्के लोक बरे झालेले होते, दुसऱ्यात ४५ टक्के. दुसऱ्या गटातल्यांना गरज पडल्यास पुढचे उपचार घ्यायची मुभा होती, तरीही.

उघड्या पद्धतीत तळहाताच्या बुडाशी दोन ते चार सेंटीमीटरचा छेद असतो. दुर्बिणीच्या पद्धतीत एक-दोन बारीक छेद. दुर्बिणीने माणूस सरासरी आठवडाभर आधी कामाला लागतो आणि व्रण छोटा राहतो. तात्पुरत्या मुंग्या मात्र थोड्या जास्त जणांना येतात आणि खर्च जास्त. वर्षाने दोन्ही पद्धतींचा निकाल सारखाच. म्हणून माझा कल सरळ आहे. तुमच्या सर्जनचा हात ज्या पद्धतीवर बसलेला आहे, ती घ्या.

ऑपरेशनला नाही म्हणू नका, असं मी एकाच परिस्थितीत ठामपणे सांगते. बधिरपणा आता जातच नाही किंवा अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा सपाट झालाय. दोन्ही तळहात शेजारी ठेवून उजेडात बघा. आईच्या बाबतीत हा उंचवटा बघायला मीच उशीर केला. पट्ट्याने तिची झोप सुधारली आणि मी निर्धास्त झाले. दीड वर्ष गेलं. एका सकाळी ब्लाउजचं हुक लावताना तिचा अंगठा बोटापर्यंत पोचेना. ती काही बोलली नाही, नुसता हात माझ्यापुढे धरला. ऑपरेशन नीट झालं, रात्रीचा ठणका त्याच आठवड्यात गेला. पण स्नायू पूर्ण परत आला नाही. नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते, आणि वाळलेला स्नायू तिची वाट बघत थांबत नाही.

आता व्रणाबद्दल, कारण पेशंट घाबरतात ते इथे. टाके दहा ते चौदा दिवसांनी निघतात. त्यानंतर छेदाखाली कडक दोरीसारखा व्रण हाताला लागतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना, तळहाताच्या टेकाडांवर, दाबल्यावर दुखतं. हे दुखणं तीन ते सहा महिने राहू शकतं. परात उचलताना, दार ढकलताना, जमिनीवरून हात टेकून उठताना ते जाणवतं. ऑपरेशन फसलं असा अर्थ काढू नका. बोटं मात्र पहिल्या दिवसापासून हलवायची. पूर्ण मूठ, मग हुकासारखी वाकवलेली बोटं, मग सरळ पंजा. टेंडन आणि नस आपापल्या जागी सरकत राहिले तर व्रणाला चिकटत नाहीत.

जखम पूर्ण भरली की मालीश सुरू. खोबरेल तेलाचा एक थेंब, अंगठ्याने घट्ट दाबून छोटी वर्तुळं, दिवसातून तीन-चार वेळा पाच मिनिटं. बोट कातडीवरून घसरायला नको, कातडी बोटाबरोबर सरकायला हवी. व्रण जाड होत असेल तर सिलिकॉन जेलची चकती रोज बारा तासांहून अधिक, दोन-तीन महिने. व्रणाला साधा पदरही टोचत असेल तर आधी कापूस, मग टॉवेल, मग तांदळाच्या डब्यात हात घालून फिरवायचा. आई संध्याकाळी मालिका बघताना मांडीवर तांदळाचा डबा घेऊन बसायची. पहिले चार दिवस तोंड वाकडं करून, पुढे सवयीने. दुसऱ्या महिन्यात तिने डब्यातला खडा बोटांनी शोधून काढला आणि मला दाखवला.

काहींना ऑपरेशननंतरही त्रास राहतो. तिथे एक गोष्ट नीट आठवून सांगा, मधे बरं वाटलं होतं का? अजिबात वाटलं नसेल तर पडदा पूर्ण कापला गेला नसावा किंवा नस मानेशीही दबत असावी. काही महिने छान जाऊन परत मुंग्या आल्या असतील तर नसेभोवती व्रण आवळला असण्याची शक्यता. आणि आधी नव्हता असा, वीज चमकल्यासारखा नवा ठणका असेल तर थांबू नका, लगेच सर्जनला दाखवा. दुसऱ्या ऑपरेशनमध्ये नस व्रणातून सोडवून तिच्यावर करंगळीच्या बाजूच्या चरबीचं पांघरूण घालतात. उपयोग होतो, पण पहिल्याइतकी खात्री नसते. म्हणून माझ्या लेखी पहिल्या वेळची मालीश औषधाइतकीच महत्त्वाची.

दोन्ही हातांना त्रास असेल तर शक्यतो एकेक हात करा. डावा आणि उजवा एकदम बांधला तर न्हाणीघरातली कामंसुद्धा दुसऱ्यावर येतात. तारीख घेण्याआधी घरात बसून ठरवा. दोन आठवडे भांडी कोण घासेल, सहा आठवडे कणीक कोण मळेल, ओले कपडे पिळायला कोण आहे. आमच्याकडे बाबा कणीक मळायला शिकले. पहिल्या दिवशी ती फार सैल झाली.