एसटी, मिनीडोर आणि फेरीबोटीने अलिबाग ते गणपतीपुळे: एकट्याने जावं, दोघांनी की टोळीने?

अलिबागपासून गणपतीपुळ्यापर्यंतचा किनारा स्वतःची गाडी नसताना, पाठीवर सॅक टाकून उत्तम होतो. वाटेत चार मोठ्या खाड्या आडव्या येतात आणि चारही ठिकाणी गाड्या-माणसं नेणारी फेरीबोट आहे: राजपुरीच्या खाडीत आगरदांडा–दिघी, सावित्रीच्या मुखाशी बागमांडला–वेसवी, वाशिष्ठीवर दाभोळ–धोपावे आणि शास्त्रीवर तवसाळ–जयगड. मधले तुकडे एसटीने, मिनीडोरने (मोठी शेअर रिक्षा) किंवा पायी जोडायचे. परीक्षण या सगळ्या साखळीचं आहे, एखाद्या हॉटेलचं नाही.

ही साखळी तुम्हाला स्वस्त पडेल की महाग, सुखाची होईल की कटकटीची, हे बहुतांशी तुम्ही किती जण आहात यावर ठरतं. या किनाऱ्यावर अर्ध्या गोष्टींचे पैसे माणशी लागतात आणि अर्ध्यांचे सरसकट. एसटी, फेरी, थाळी, जंजिऱ्याची होडी हे सगळं माणशी. खोली, रिक्षा, डॉल्फिन दाखवणारी बोट हे सरसकट. एकट्याला माणशी गोष्टींत काहीच तोटा नसतो, सरसकट गोष्टींत मात्र पुरा भुर्दंड बसतो. निघण्यापूर्वी कागदावर हे दोन रकाने मांडले की निम्मा निर्णय तिथेच होतो.

फेरीपासून सुरुवात करू, कारण या मार्गावरची सर्वांत बिनतक्रार सेवा तीच. पायी प्रवाशाचं तिकीट किरकोळ असतं, आगाऊ नोंदणी लागत नाही आणि पाणी ओलांडायला साधारण दहा-पंधरा मिनिटं पुरतात. दाभोळची फेरी नसती तर पलीकडच्या गुहागरला जायला खेड-चिपळूणचा लांबलचक वळसा पडला असता. लांब सुट्ट्यांना जेट्टीवर मोटारींची रांग रस्त्यापर्यंत येते, पण सॅकवाला माणूस रांगेच्या कडेने चालत जाऊन थेट बोटीत चढतो. हा फायदा एकट्यालाही आहे आणि सहा जणांनाही.

अडचण सुरू होते ती बोटीतून उतरल्यावर. एसटीचं वेळापत्रक आणि फेरीचं वेळापत्रक यांची एकमेकांशी ओळखच नाही. अलीकडची एसटी तुम्हाला जेट्टीजवळ सोडते, पलीकडे गाडी उभी असेलच असं नाही. सर्वांत कच्चा दुवा वेसवीचा. तिथून आत मंडणगडकडे जाणारी गाडी मिळते, पण किनारा धरून केळशी-आंजर्ल्याकडे जाणाऱ्या गाड्या तुरळक. मंडणगडवरून दापोलीला गेलात की मधला सुंदर तुकडा हातचा जातो. धोपावे ते गुहागर आणि जयगड ते गणपतीपुळे हे टप्पे त्यामानाने सोपे, तरी दुपारी एक ते चारच्या दरम्यान तिथेही ताटकळावं लागू शकतं.

अशा जागी एकटा माणूस बाजी मारतो. फेरीच्या डेकवर सगळ्या मोटारी इंजिन बंद करून उभ्या असतात आणि चालक खाली उतरून हवा खात असतात. लिफ्ट मागायला याहून चांगली जागा नाही. मागच्या सीटवर एका माणसाची आणि एका सॅकची जागा बहुतेक गाड्यांत निघते, मोटरसायकलवाला तर एकट्यालाच घेऊ शकतो. दोघांना चार-पाच ठिकाणी विचारावं लागतं. चौघांना कोणी घेत नाही. त्यांनी सरळ रिक्षा ठरवावी, चौघांत ती परवडतेच. रिक्षा नियमाने तिघांची, पण सॅकसकट चौघं बसवणारे भेटतात. नको वाटलं तर मिनीडोर बघावी. एकट्या बाईने लिफ्ट घ्यायचीच असेल तर घरची माणसं असलेली गाडी निवडावी आणि गाडीचा नंबर तिथेच घरी कळवावा.

एसटीबद्दल दोन गोष्टी. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. त्यामुळे तीन-चार मैत्रिणी निघणार असतील तर भाड्याच्या गाडीपेक्षा एसटी इतकी स्वस्त पडते की तुलनाच करू नये. दुसरी गोष्ट, ‘आवडेल तेथे प्रवास’ हा चार किंवा सात दिवसांचा पास. ऐकायला मोहक, पण या मार्गावर बहुधा अंगावर पडतो. इथले रोजचे टप्पे तीस-चाळीस किलोमीटरचे. पास वसूल व्हायला रोज याच्या कित्येक पट फिरावं लागेल. नागपूर किंवा कोल्हापूरकडून येऊन परत जाणार असाल तर हिशेब करून बघा, एरवी सुटी तिकिटं काढा.

वस्तीची गाडी ही एकट्याची खरी मैत्रीण. संध्याकाळी आडगावात जाऊन मुक्काम करणारी आणि पहाटे परत निघणारी ही एसटी. ती कुठल्या गावाला किती वाजता जाते हे डेपोतल्या चौकशीच्या खिडकीवर आदल्या दिवशीच विचारावं: श्रीवर्धन, दापोली, गुहागर. मोबाइलवरच्या वेळांवर फार विसंबू नये. ती गाडी चुकली तर एकट्याला आख्ख्या रिक्षाचे पैसे मोजावे लागतात आणि दिवसभराची बचत त्या एका फेरीत जाते.

आता राहण्याचं. कोकणातली घरगुती खोली दोघांच्या हिशेबाने दिली जाते. समजा भाडं १,५०० रुपये सांगितलं, तर दोघांना ते ७५० पडतं, तिघांना गादीचे जास्तीचे पैसे धरूनही त्याहून कमी, आणि एकट्याला पुरे १,५००. शनिवारी मालक सवलत देत नाही, द्यायचं त्याला कारणही नाही.

पण पैसा ही लहान अडचण. मोठी अडचण अशी की किनाऱ्यावरच्या कित्येक लॉजवर एकट्या माणसाला खोलीच देत नाहीत. पाटी नसते, ‘आज फुल्ल आहे’ असं सांगतात आणि मागची रिकामी अंगणं दिसत असतात. मालकाच्या मनातली भीती उघड आहे: एकटा आलेला माणूस जिवाचं काही बरंवाईट करील आणि पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल. यावर रागावून उपयोग नाही, उपाय करावा. सकाळीच फोन करून कुठून आलात, उद्या कुठे जाणार, जेवणार आहात का हे आपणहून सांगावं. घरच्या कोणाचा तरी नंबर न मागता द्यावा. आधीच्या मुक्कामाच्या मालकाकडून पुढच्या गावातलं घर ठरवून घ्यावं. ही शिफारस सगळ्यांत जास्त चालते. तेही जमलं नाही तर दापोली किंवा गुहागरला स्टँडजवळचं लॉज, हरिहरेश्वर आणि गणपतीपुळ्याला एमटीडीसीचं निवास. संध्याकाळी सात वाजता सॅक घेऊन दारात उभं राहणं, ही पद्धत एकट्याने कधीच वापरू नये.

जोडीने जाणाऱ्यांना हा त्रास नाही, त्यांचा वेगळा. दोघांचीही ओळखपत्रं मागतात, अविवाहित जोडप्यांना काही घरांत नकार मिळतो. खोली ठरवताना फोनवरच स्पष्ट विचारलेलं बरं. दोन मित्र किंवा दोन मैत्रिणी, ही या किनाऱ्यावरची सर्वांत बिनघोर जोडी.

एकट्याला पैशांत हमखास परवडणारा मुक्काम म्हणजे वेळास. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात ते गाव, हंगाम साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. गावातल्या घरांत चहा-नाश्ता-जेवणासकट माणशी दर असतो आणि पाहुण्यांना एकत्र झोपायची सवय आहे, त्यामुळे एकटा आला तरी कोणाच्या भुवया उंचावत नाहीत. पिल्लं सकाळी आणि संध्याकाळी सोडतात; एका वेळी निघतीलच अशी खात्री नसते, म्हणून दोन्ही वेळा हाताशी राहतील असा मुक्काम ठेवावा. मोठ्या गटांनी इथे एक पथ्य पाळावं: रात्री किनाऱ्यावर बॅटऱ्या आणि दंगा नको.

जेवणात एकटा आणि जोडी दोघंही खूश. थाळी माणशीच असते, सुरमईचा तुकडा एकालाही तेवढाच येतो. तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं किंवा आख्खं पापलेट मागवायचं असेल तर दोघं-तिघं हवेत. उकडीचे मोदक सकाळी सांगून ठेवावे लागतात आणि एका माणसापुरते मोदक करायला कोणी बसत नाही; घरात आणखी पाहुणे असतील तर त्यांच्या मागणीत आपले दोन घुसवावेत. आठ-दहा जणांच्या टोळीने घरगुती खाणावळीत न सांगता जाणं म्हणजे तासभर बसणं. घावन एकेक करूनच निघतं, त्याला कोण काय करणार! १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या मासळीच्या आशेने जाऊ नये.

जंजिऱ्याची शिडाची होडी राजपुरीच्या धक्क्यावरून माणशी तिकिटावर जाते, पण भरल्याशिवाय सुटत नाही. शनिवार-रविवारी एकट्याला लगेच जागा, मंगळवारी वाट बघणं. पावसाळ्यात होड्या बंद. मुरुड-हर्णैची डॉल्फिनची बोट मात्र बहुधा बोटीच्या हिशेबाने ठरते. एकट्याने किनाऱ्यावर थांबून एखाद्या कुटुंबाला जोडून घ्यावं, सकाळी लवकर हे सहज जमतं. (गावं दोन आहेत, मुरुड-जंजिरा आणि दापोलीजवळचं मुरुड, एसटीत चढताना नीट विचारा.)

समुद्रात उतरण्याच्या बाबतीत मात्र मी एकट्याच्या बाजूने बोलणार नाही. सॅक कोण बघणार हा प्रश्न दुय्यम आहे. ओहोटीच्या वेळी पाणी पाय ओढतं आणि गणपतीपुळे, गुहागर इथे उतार फसवा आहे. काठावर बघणारं कोणी नसेल तर गुडघ्याच्या पुढे जाऊ नये. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा कातळातून समुद्राकाठी उतरते, ती फक्त ओहोटीतच करावी. भरतीचा ढोबळ हिशेब किनाऱ्यावर सगळ्यांना पाठ असतो: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीनच्या सुमारास भरती, त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. तासभर इकडे-तिकडे होतं, म्हणून उतरण्यापूर्वी देवळाजवळच्या दुकानदाराला विचारावंच.

सामानात जोडीचा फायदा दिसतो तेवढा छोटा नाही. एकट्याची सॅक सात किलोच्या आत ठेवावी, ३५ ते ४० लिटरची पुरे. त्याहून मोठी एसटीच्या वरच्या रॅकमध्ये मावत नाही आणि मिनीडोरमध्ये मांडीवर येते. दोघांत पॉवर बँक, औषधांची पिशवी, कपडे वाळत घालायची दोरी, डासांची वडी हे एकेकच लागतं, म्हणजे दोघांच्याही पाठीवरचं किलोभर कमी होतं. दमट हवेत जीन्स दोन दिवस वाळत नाही. पातळ सुती किंवा चटकन सुकणारे दोन जोड घ्यावेत. तंबू कोणीच घेऊ नये. खोल्या भरपूर आहेत आणि वाळूत रात्रभर दव पडतं.

टोळीबद्दल थोडक्यात: पाचाच्या पुढे गेलात की एसटीचा हट्ट सोडा. दोघांना जागा मिळते, बाकीचे उभे. एकाला चहा हवा, एकाची चप्पल तुटते, आणि दुपारची एकुलती गाडी निघून जाते. त्यापेक्षा सात-आठ आसनी गाडी करावी, फेरीत गाडीचं तिकीट वाटून घ्यावं. शाकाहारी किती, मांसाहारी किती हे मुक्काम ठरवण्याआधी मोजावं. हरिहरेश्वर आणि गुहागरच्या कित्येक घरांत फक्त शाकाहारी जेवण असतं, आणि टोळीतली सर्वांत मोठी भांडणं यावरूनच होतात. खर्चासाठी सुरुवातीलाच सारखी रक्कम एकाकडे जमा करावी.

माझी पसंती विचाराल तर दोघं. एकट्याने जायचं असेल तर वार उलटे धरा. रविवारी दुपारी मुंबई-पुण्याचे लोक परत निघतात तेव्हा आत शिरायचं आणि गुरुवारी बाहेर पडायचं. रविवारी रात्री खोल्या रिकाम्या असतात, मालक भाडं कमी करायला तयार असतो आणि एकटा आहे म्हणून परत पाठवण्याचा त्याचा विचारही बराच सौम्य झालेला असतो.