पीएचपी सोडून जँगोवर आलो, आठ महिने झाले

आधीच सांगतो, मी काही मोठा इंजिनिअर वगैरे नाही, सिडकोत घरूनच कामं करतो. सात-आठ वर्षं साधं पीएचपी (वेबसाइटसाठीची प्रोग्रॅमिंग भाषा) लिहिलं, छोट्या धंदेवाल्यांची बिलं, स्टॉक, पावत्या असलं सगळं. ऑक्टोबरमध्ये पिंपळगावच्या एका द्राक्ष व्यापाऱ्याचं काम आलं, कुठल्या शेतकऱ्याचे किती कॅरेट आले, वजन, भाव, उचल वजा करून देणं किती निघतं, आणि सीझनला अजून वेळ होता म्हणून म्हटलं चला या वेळी पायथन ही दुसरी भाषा आणि तिच्यातलं जँगो हे फ्रेमवर्क (वेबसाइटचा तयार सांगाडा) घेऊ.

जँगोचं अ‍ॅडमिन पॅनल ही एकच गोष्ट पैसे वसूल आहे (फुकट आहे म्हणा ते). हे फ्रेमवर्क अमेरिकेत कॅन्ससमधल्या एका वर्तमानपत्राच्या ऑफिसात बनलं आणि 2005 ला बाहेर आलं, त्यामुळे ऑफिसातल्या माणसांनी स्वतः माहिती भरायची ही सोय त्यात मुळातच आहे. मॉडेल (काय माहिती साठवायची त्याचा आराखडा) लिहिलं, रजिस्टर केलं की एंट्रीचे फॉर्म, कोणाला काय दिसावं, सगळं आयतं. शेठच्या मुनीमजींना मी पहिल्या आठवड्यातच एंट्रीला बसवलं. लारावेल (पीएचपीचं असंच फ्रेमवर्क) वापरलं असतं तर पीएचपीतही एवढी मरमर झाली नसती हे मान्य, पण मी ते कधी शिकलोच नाही.

मराठी नावांचा त्रास गेला हे दुसरं. पीएचपीत लांबी मोजणाऱ्या strlen ला 'नाशिक' दिलं की 15 येतं, कारण ते बाइट मोजतं आणि देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटचं. पायथनचं len 5 सांगतं. पीएचपीत बाइटऐवजी चिन्हं मोजणारी mb_ वाली फंक्शन आहेत हो, पण एका जागी विसरलो होतो आणि पावतीवर शेतकऱ्याच्या आडनावाच्या शेवटी काळा चौकोन छापून आला होता.

आता रडगाणं. जानेवारीत रात्री दोन-तीनला गाड्या भरायच्या आणि सकाळी शेठचा फोन, "भाऊ, रात्रीचा माल कालच्या तारखेत दिसतोय." दोन दिवस डोकं फिरलं. सेटिंगमध्ये भारताची वेळ (आशिया/कोलकाता) टाकलेली होती तरी! नंतर कळलं की जँगोच्या timezone.now() वरून सरळ तारीख काढली की ती यूटीसीची (जागतिक प्रमाणवेळेची) येते, आपण साडेपाच तास पुढे, म्हणजे रात्री बारा ते पहाटे साडेपाचचं सगळं आदल्या दिवशी. आपल्याकडची तारीख देणारं localdate() वापरलं, मिटलं. पण तोवर अकरा शेतकऱ्यांच्या पट्ट्या हाताने दुरुस्त केल्या, शिव्या खाल्ल्या त्या वेगळ्या.

होस्टिंग हा तर खरा वैताग. पीएचपीत फाइल अपलोड केली की काम झालं. इथे व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर) घ्या, त्यावर साइट चालवणारे गुनिकॉर्न, एनजिनएक्स हे प्रोग्रॅम बसवा, आणि कोड बदलून सर्व्हिस रिस्टार्ट करायला विसरलात की जुनंच पान दिसत राहतं, मी एकदा पाऊण तास नसलेला बग शोधत बसलो होतो.

मित्र म्हणतात नोड (जावास्क्रिप्टवालं) घे, फास्ट आहे. अरे एंट्रीला माणसं सहा! माझं पान स्लो होतं ते माझ्याच चुकीने, 300 ओळींच्या यादीत प्रत्येक ओळीला शेतकऱ्याचं नाव आणायला डेटाबेसला वेगळी क्वेरी (विचारणा) जात होती, म्हणजे यादीची एक धरून एकूण 301. नावं यादीसोबतच आणणारं select_related लावलं, एका क्वेरीत आटपलं. ही चूक कुठल्याही भाषेत तेवढीच महाग पडली असती.

द्राक्षाचं काम आता जँगोवरच राहणार, सीझन निभावला त्याने. पण पुढच्या महिन्यात गंगापूर रोडच्या एका क्लासवाल्यांचं फी-पावतीचं काम आहे, ते मी पीएचपीतच करणार, त्यांचं होस्टिंग आधीच घेतलेलं आहे आणि उद्या मी नसलो तर त्यांच्या भाच्याला तेवढंच येतं.